क्लेमेंटने रंगवलेला क्रूस

रविवार, १२ सप्टेंबर १९८२

ग्रेसीला तिसरा महिना लागला. या वेळी कुणाला सांगायचं नाही असं आम्ही नवराबायकोने ठरवलं आहे, म्हणून या वहीला सांगतो. मागच्या दोन्ही वेळेला अख्ख्या पाचूबंदर गावाला सांगून झालं होतं. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं सातव्यात. मग लोक येऊन बसायचे आणि चहा पिऊन उठताना म्हणायचे, देवाची इच्छा. इतकी वर्षं लष्कराच्या डेपोत शस्त्रं मोजतोय, पण 'देवाची इच्छा' म्हणून काही खर्ची टाकलेलं मी पाहिलं नाही. तिथे रायफलीचा एक पट्टा कमी भरला तरी तीन माणसं घाम पुसत बसतात.

माझ्या आयला मात्र न सांगताच कळलं. मासळी विकून आली, ग्रेसीकडे एकदा बघितलं आणि टोपली खाली ठेवून सरळ घरातल्या वेदीकडे गेली. क्लेमेंटचा क्रूस काढला आणि ग्रेसीच्या उशाशी ठेवला.

"रातच्याला पोटावर घेऊन नीज, पोरी. मागल्या टायमाला तू तो मधीच काढलास."

ग्रेसीने क्रूस उचलून घेतला. दोन्ही वेळेला तिने शेवटपर्यंत तो पोटावर ठेवला होता, हे मला ठाऊक आहे.

क्लेमेंट माझा मोठा भाऊ. डेपोत तोफांच्या डायलवरचे आकडे रंगवायचा. रात्रीच्या लढाईत शिपायाला दिसावेत म्हणून काळोखात चमकणारा रंग असायचा तो. होडीच्या फळीतून त्याने हा वीतभर क्रूस केला आणि तोच रंग लावला. दिवा मालवला की वेदीवर हिरवा क्रूस उभा! गावात कुणी बाळंतीण अडली की आमच्याकडे माणूस धावत यायचा, उजेडाचा क्रूस द्या म्हणून. एकोणसत्तर साली क्लेमेंट तोंडाच्या दुखण्याने गेला आणि त्याच्या जागी मी चिकटलो. आता क्रूसाचा उजेडही जवळजवळ गेला आहे. आय म्हणते, आमची श्रद्धा कमी पडली. मी म्हणतो, रंग जुना झाला.

गुरुवार, २३ सप्टेंबर

डेपोत नवीन हुकूम आला. महायुद्धापासून पडून असलेली चमकत्या रंगाची सगळी यंत्रं, म्हणजे तोफांच्या डायली, होकायंत्रं, विमानांतली घड्याळं, मोजून काढायची. प्रत्येकातून किती किरण बाहेर पडतात ते मापायचं आणि मग पिंपात घालून वरून काँक्रीट ओतायचं. त्या रंगात रेडियम असतं म्हणे. शिकवायला केळुसकर नावाचे साहेब आले आहेत. बारीक अंगाचे, पान खाणारे, स्वभावाने गमत्ये.

यंत्राला गायगर म्हणतात. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, तिला वायरीने जोडलेली नळी. नळी डायलजवळ नेली की कढईत लाह्या फुटाव्यात तशी टकटक वाढत जाते.

"प्रत्येक टक म्हणजे एक अणू फुटला," साहेब म्हणाले. "तुम्ही ऐका किंवा ऐकू नका, तो फुटतोच आहे."

मला हे काम आवडलं. आजवर मी वस्तू नुसत्या मोजत आलो, वस्तूंनी स्वतः आवाज दिला तो आज पहिल्यांदा. रंगाच्या मात्र दोन डब्या कमी भरल्या. वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी, खर्च झाल्या असतील असं लिहून टाकलं.

शनिवार, २ ऑक्टोबर

आज सुट्टी. केळुसकर साहेबांनी गायगर घरी न्यायला दिला होता. नुसत्या मातीतून, हवेतूनही थोडी टकटक येतच असते. डेपोपासून लांबच्या जागी ती किती येते ते टिपून आणा, म्हणजे डेपोतलं किती जास्त ते कळेल, असं त्यांचं म्हणणं.

सकाळी धक्क्यावर गेलो. बोंबील वाळवायच्या वलांड्या बांधायचं काम चालू होतं, सगळी पोरं-बाया काम टाकून माझ्यामागे. किल्ल्याच्या भिंतीजवळ मापलं, देवळाच्या पायरीवर मापलं. सगळीकडे तीच तुरळक टक, टक. आग्नेल तांडेल म्हणाला, "बर्नार्ड, येवड्या लहान रेडिओवर विविधभारती लागतं काय रं?" सगळे हसले, मीही हसलो.

घरी आलो तर ओट्यावरच टकटक वाढली. आत शिरलो तशी आणखी वाढली आणि ग्रेसीच्या खाटेजवळ तर टकटक मोजता येईना, एकच सलग खरखर सुरू झाली. पेटीवरचा काटा पलीकडच्या टोकाला जाऊन बसला. ग्रेसी घाबरून उठली.

"आवो, हे असं का वरडतं?"

"खारी हवा लागली असेल. बिघडलं," मी म्हणालो आणि बंद केलं.

साहेबांना आता काय सांगू, सरकारी यंत्र बिघडवलं म्हणून? आय दारात उभी राहून नळीकडे बघत होती, मग खाटेकडे बघत राहिली. तिला असल्या यंत्रांची पहिल्यापासून शिसारी आहे.

सोमवार, ४ ऑक्टोबर

यंत्र बिघडलेलं नाही.

साहेबांनी माझ्यासमोर तपासलं. "उत्तम चाललंय. घरी काय ठेवलंय तुम्ही, तोफ?" असं म्हणून हसले. मी म्हणालो, जुनं घड्याळ आहे, काळोखात दिसायचं, आता दिसत नाही.

"दिसत नाही म्हणजे संपलं असं समजू नका. चमकते ती त्यातली दुसरी भुकटी. ती दहा-पंधरा वर्षांत मरते. रेडियम निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. दिवा विझला, पण चूल धगधगतेच आहे. काढून टाका ते घड्याळ, आणि उशाशी तर मुळीच नको."

मग मी विचारलं, पूर्वी इथे हा रंग लावणारी माणसं होती, त्यांना काही होत असे का? साहेबांचा चेहरा उतरला. बारीक आकडे काढायचे तर कुंचल्याला टोक हवं, म्हणाले, आणि परदेशातल्या कारखान्यांत बाया ते टोक ओठांत धरून काढायच्या. पुढे त्यांचे दात पडले, जबडे कुजले.

क्लेमेंट संध्याकाळी घरी आला की मला चिडवायला दिवा मालवायचा आणि काळोखात हसायचा. त्याचे दात हिरवे दिसायचे. मी किंचाळायचो आणि आय स्वयंपाकघरातून हसायची. घरी येईपर्यंत मला तेवढंच दिसत होतं, रस्ता दिसत नव्हता.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

काल घरात शिरलो तो थेट ग्रेसीच्या उशाशी हात घातला. क्रूस फडक्यात गुंडाळला आणि ओट्यावर नेऊन ठेवला. आय आरडाओरडा करत मागे आली. देव बाहेर टाकतोस? तुझ्या भावाच्या हातचा देव? शेजारपाजार ऐकत होता. माझं डोकं फिरलं. सांगायची एक रीत असते, ती मला सुचली नाही.

"याच रंगाने मारलं क्लेमेंटला! आणि माझी दोन्ही पोरं गेली ती यानेच!"

आय जागच्या जागी खाली बसली. म्हणाली, "त्याच्या गालावर मी रोज ठेवायची. सुज उतरावी म्हनून. तो बोलायचा, आय, थंड वाटतं."

"त्याने नाही गं," मी म्हणालो. "तो कुंचला तोंडात धरायचा. ते पोटात गेलं." हे खरं आहे. पण रोज गालावर ठेवल्याने काहीच झालं नसेल, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता आलं नाही, आणि तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"असल्या वस्तू डेपोत कुठं ठेवतात?"

"शिशाच्या पेटीत. शिशातून ते बाहेर येत नाही." मी चिडूनच उत्तर दिलं. या घटकेला पेटीची चौकशी कशाला?

ग्रेसी भिंतीला टेकून ऐकत होती. आय आत गेल्यावर तिने एकच विचारलं, "म्हंजे माज्या अंगात खोट नव्हती?"

आठ वर्षं गावाने तिला हे ऐकवलं आहे. आमच्या घरातही ऐकवलं गेलं आहे. मी म्हणालो, खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही, पण तुझ्यात खोट नव्हती. ती रडली नाही. उठून भात टाकला, आणि मग चुलीपुढे बसून रडली.

शनिवार, ९ ऑक्टोबर

आय क्रूस देत नाही. ओट्यावरून उचलला आणि मागच्या जाळ्यांच्या खोपटात घेऊन गेली. स्वतःही तिथेच झोपते. सोमवारी देते, म्हणाली. ग्रेसीपासून तो लांब गेला हे खरं, पण या बाईचा हट्ट बघा! विष म्हणून सांगितलं तरी उशाला घेऊन निजते.

साहेबांना आडून आडून विचारलं. माझ्या ओळखीच्या एका बाईच्या उशाशी तसलं घड्याळ तीन आठवडे होतं, तिला दिवस आहेत, पुढे काय? ते माझ्याकडे बघत राहिले. "आता लांब आहे ना? मग त्या बाईला सांगा, नीट जेव आणि काळजी करू नकोस." नंतर स्वतःच म्हणाले, "काळजी तुम्ही करा."

सोमवार, ११ ऑक्टोबर

आयने क्रूस दिला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा इतका जड की हातातून सुटता सुटता राहिला. उघडून बघतो तर जाळ्याच्या काठाला ओवतात ते शिशाचे मणी गच्च भरलेले, मधोमध क्रूस. बाबांच्या वेळचं अख्खं जाळं तिने कापलं होतं! दोन दिवस खोपटात बसून हेच करत असणार. आग्नेल तांडेलाने ते जाळं मागितलं होतं, तेव्हा देत नव्हती.

बसमध्ये डबा मांडीवर घेऊन गेलो. कुणी विचारलं तर सांगणार होतो, नाताळचा केक म्हणून. ऑक्टोबरात!

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

आज शेवटचं पिंप भरलं. तिसऱ्या थरात, डायलींच्या मध्ये, डब्यासकट क्रूस ठेवला. यादीपेक्षा एक वस्तू जास्त भरली. कमी भरलं तर चौकशी बसते, जास्त भरलं तर कुणी विचारत नाही, हे मी नोकरीत शिकलो. केळुसकर साहेब शेजारीच उभे होते. डब्याकडे बघून त्यांनी पान तोंडात टाकलं आणि दुसरीकडे तोंड करून मजुरांना म्हणाले, ओता.

करडं काँक्रीट वर चढत गेलं. मी मनातल्या मनात 'आमच्या स्वर्गीय बापा' म्हटलं. क्लेमेंटला दुसऱ्यांदा पुरतोय असं वाटलं आणि मोठं रडू आलं. साहेबांनी धुळीचं निमित्त करून मला बाहेर पाठवलं.

मंगळवार, २ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. सगळं गाव दफनभूमीत मेणबत्त्या घेऊन. आम्ही क्लेमेंटच्या मातीवर झेंडू वाहिले. दरवर्षी आय गुडघे टेकून थडग्यावरच्या क्रूसाच्या पायाला ओठ लावते आणि मग आम्हा सगळ्यांच्या कपाळावर क्रूसाची खूण करते. या वर्षी लांब उभी राहिली. मी बोलावलं तर मान हलवली.

परत येताना ग्रेसी तिचा हात धरायला गेली तर आयने हात पदराखाली घेतला. माझ्यावर राग आहे तर माझ्यावर काढ ना. पोटुशी बाईला कशाला?

रविवार, १४ नोव्हेंबर

आय आता कायमची खोपटात राहायला गेली. ताट-वाटी वेगळी घेतली. लोक काय म्हणतील याची तिला पर्वा नाही. म्हणतील, मुलाने आईला घराबाहेर काढलं. वलांड्यांवर बोंबील टांगायला जाते तर हात घासून घासून धुते, राखेने, मग चिंचेने. बोटांची सालं निघाली आहेत.

आणखी एक खूळ. दुपारी गावभर हिंडते. आज रोझलीन भेटली, मागच्या वर्षी ती अडली तेव्हा क्रूस तिच्याकडे रात्रभर होता. म्हणाली, "आय आल्ती. पोराला उभा करून बघला, तोंड उघडून दात बघले. मंग बोलली, बरा हाय, बरा हाय, आनि रडत गेली. चहा पन घेतला नाय." जिथे जिथे क्रूस गेला त्या सगळ्या घरी जाऊन आली म्हणे. माझ्या कागाळ्या करत फिरत असणार, दुसरं काय. मला रोझलीनसमोर मान वर करता येईना.

रविवार, २६ डिसेंबर

नाताळ झाला. लिहायचं मन नाही, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

आमच्यात रोझरीची जपमाळ संपली की धाकट्यांनी थोरांचा हात ओठांना लावून आशीर्वाद घ्यायचा. एरवी कधी चुकेल, नाताळच्या रात्री चुकत नाही. चर्चमधल्या मिसाहून आलो. आय खोपटाच्या दारात उभी होती. ग्रेसी तिच्यापुढे वाकली, सहा महिन्यांचं पोट घेऊन, आणि हात पुढे केला. आयने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको, पोरी. लांबूनच देते. लांबूनच."

ग्रेसी वाकलेली तशीच राहिली. माझा तोल गेला. "आशीर्वाद द्यायला जड झालं? हेही मरावं अशी इच्छा आहे का तुझी?"

हे शब्द माझ्या तोंडून गेले. चर्चहून येणारी माणसं रस्त्यात थांबली होती. आयने कानावर हात ठेवले आणि आत जाऊन दार लावलं. ग्रेसी माझ्याशी काल दिवसभर बोलली नाही.

आईचा आशीर्वाद नसला की काय होतं, ते मला लहानपणापासून सांगितलेलं आहे. मी डेपोत काम करतो, गायगर वापरतो, अणू फुटतात ते मला माहीत आहे. तरी मला भीती वाटते. मोठी भीती वाटते.

रविवार, ३० जानेवारी १९८३

सातवा चालू आहे. ग्रेसीला रात्री हलायला लागलं की मी जागा होतो, हलायचं थांबलं की उठून बसतो. वेदीवर जिथे क्रूस होता तिथे भिंतीवर त्याच्या आकाराची फिकट जागा राहिली आहे. चुना मारला तरी मला दिसते. डोळे मिटले की हिरवी दिसते. चूल धगधगतेच आहे, असं साहेब म्हणाले होते.

खोपटातून आयची रोझरी ऐकू येते. एका रहस्यावर, म्हणजे माळेच्या एका टप्प्यावर, थांबते आणि पहिल्यापासून सुरू करते.

रविवार, १३ फेब्रुवारी

सातवा पार पडला. आम्ही दोघं एकमेकांशी याविषयी बोलत नाही. आज सकाळी ग्रेसीने पापलेट तळलं आणि दोन तुकडे खोपटाकडे घेऊन गेली. मी अडवलं नाही.

शुक्रवार, २५ मार्च

मुलगी! काल दुपारी, वसईच्या दवाखान्यात. हात दोन, पाय दोन, बोटं वीस. मी तीनदा मोजली, नर्स हसली. माझा धंदाच तो. रडणं ऐकलं तेव्हा मी बाकावर बसून पोरासारखा रडलो.

घरी येऊन खोपटाच्या दारातून सांगितलं, "मुलगी झाली." आतली रोझरी थांबली. मग आयने विचारलं, "वरडली काय?" मी म्हणालो, "मोठ्याने." मग आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी डोकावलं. ती जमिनीवर पालथी पडून मातीला ओठ लावत होती.

मग चल की दवाखान्यात! तर नाही. इतका कसला अहंकार?

रविवार, ३ एप्रिल

आज ईस्टर. ग्रेसी आणि बाळ कालच घरी आलं. गाव बघून गेलं. आय आली नाही. दहा पावलांवर सख्खी नात, आणि बाई खोपटाच्या फटीतून बघते. मी जेवताना म्हणालो, आता बस झालं, बोलावणार नाही. रुसली आहे तर रुसू दे.

ग्रेसीने घास खाली ठेवला.

"आय रुसली नाय, वो. आय भिते."

"कशाला?"

"स्वताला." ती बाळाला थोपटत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. "चौदा वरसं सकाळ-संध्याकाळ मुका घेतलान त्या क्रूसाचा. रंग तोंडात गेला असंल, हातान असंल, असं तिला वाटतं. मना बोलली, माज्यातून पन ते बाहेर येत असंल, पोरीला लागंल. पह्यल्या दिवसापासून ह्येच. तुमाला कळलं असंल असं मना वाटलं. तुमी यंत्रवाले."

मी ताटावरून उठलो. खोपटाच्या बाहेर जाऊन उभा राहिलो आणि मला आत जाता येईना. कापलेलं जाळं. राखेने घासलेले हात. रोझलीनच्या पोराचे दात. आणि नाताळच्या रात्री मी तिला जे बोललो ते. डेपोत मी एक पट्टा चुकू देत नाही.

शनिवार, ९ एप्रिल

केळुसकर साहेबांना सगळं सांगितलं, सरळ, घड्याळ वगैरे काही नाही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, हातांवरचं धुऊन जातं. पोटात गेलेलं हाडात जाऊन बसतं, ते निघत नाही. पण तेवढ्याने मांडीवरच्या मुलाला काही होत नाही. खुशाल घेऊ द्या. "आणि त्यांना?" मी विचारलं. साहेबांनी गायगर माझ्या हातात दिला आणि सोमवारी आणा म्हणाले.

दुपारी खोपटात गेलो. म्हणालो, आय, तुला मापायला आलोय. तिने लगेच दोन्ही हात पुढे केले, जणू महिनोन्‌महिने याचीच वाट बघत होती. हातांना नुसती सालं आणि भेगा. ओट्यावर ग्रेसीच्या मांडीवर बाळ झोपलं होतं, म्हणून मी टकटकीचा आवाज बंद केला आणि काट्याकडे बघत राहिलो. उजवा हात, डावा हात. धक्क्यावर होता तेवढाच काटा.

"काही नाही. एकदम स्वच्छ."

"खरं बोल."

"क्लेमेंटची शपथ."

तिने श्वास सोडला. मग पदर मागे केला आणि गाल पुढे केला.

"आता तोंडाला लाव."

मी नळी तिच्या जबड्याशी धरली. काटा हलला. फार नाही, क्रूसाच्या मानाने काहीच नाही, पण हलला आणि तिथेच थरथरत उभा राहिला. पलीकडच्या गालाला लावली, तिथेही. आय काट्याकडे बघत नव्हती, तिला त्यातलं कळत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काही नाही, आय," मी म्हणालो. "तू घे बाळाला. साहेबांनी सांगितलंय, घे म्हणून."

तिने पदर सावरला. मग उठली, चिंचेने हात धुतले, स्वच्छ लुगड्याच्या पदराला पुसले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा ओट्यावर चढली. ग्रेसीने बाळ तिच्या हातांत दिलं. आय तिला घेऊन किती वेळ बसली होती, मला सांगता येणार नाही. गाणं म्हटलं, पाय चोळले, बोटं मोजली, कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण केली. बाळ जागं झालं आणि त्याची हलती मूठ तिच्या तोंडाजवळ गेली. तेव्हा आयने मान वळवून तोंड खांद्याकडे केलं आणि तशीच गात राहिली.

मुका तिने घेतला नाही.